माझ्या म्हाताऱ्या

केशोबास संस्कृतात मुरलेले पंडित. चक्रधरस्वामींच्या पश्चात महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली, तेव्हा स्वामींचं ज्ञान संस्कृतात बांधावं असं केशोबासांच्या मनात आलं. ‘रत्नमालास्तोत्र’ त्यांनी संस्कृतात रचलंही होतं. पण आचार्यांनी त्यांना थांबवलं. मराठी थोर आहे, असं काही ते म्हणाले नाहीत. अशाने माझ्या म्हाताऱ्या नाडल्या जातील, एवढंच म्हणाले. ‘स्मृतिस्थळा’त हे नोंदलेलं आहे. आणि केशोबासांनी ऐकलं! तेराव्या शतकात पंडिताची कीर्ती देशभर न्यायची ती संस्कृताने. ती सोडून त्यांनी ‘सूत्रपाठ’ आणि ‘दृष्टांतपाठ’ मराठीत सिद्ध केले. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

विंचूरला आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाच पंथ. सासूबाईंना सहीपुरतं लिहिता येतं. पडवीत बाजरी पाखडता पाखडता त्या हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत सांगतात. कानाशी आल्या की हातातलं सूप उभं धरतात, “हा बघ कान.” मग जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चारही पदार्थ न अडखळता उलगडतात. देवता फळ देतील, पण सोडवील तो परमेश्वरच, हे मला त्यांच्याकडून कळलं.

पुढे याच पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’ या सांकेतिक लिपीत कुलूपबंद केले. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ते बाहेर आले. ज्ञान विटाळू नये ही त्यामागची काळजी मला समजते, पटत नाही.

ही काळजी जगभर आहे. १९०१ साली अथेन्समध्ये पालिस नावाच्या अनुवादकाने ग्रीक बोलीभाषेत केलेलं शुभवर्तमान वर्तमानपत्रात येऊ लागलं, तेव्हा दंगल उसळून आठ माणसं मेली. मूळ शुभवर्तमान तरी त्या काळच्या बाजारहाटाच्या ग्रीकमध्येच होतं. शतकं उलटली आणि तीच भाषा सोवळ्यात गेली.

आपल्याकडे वेगळं काय झालं? सूत्रपाठाची मराठी आज कॉलेजात शिकलेल्या माझ्या मुलीलाही लागत नाही. म्हणजे आचार्यांची हरकत आता त्याच मराठीला लागू पडते. स्वामींचे शब्द बदलावेत असं मी म्हणणार नाही. बोललेला शब्द जपला म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला. पण प्रवचनात सूत्र म्हटलं की लगोलग आजच्या बोलीत सांगावं, आणि कळलं का, हे मागे बसलेल्या बायांना विचारल्याशिवाय पुढचं सूत्र घेऊ नये.