शिक्षा

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शाळांच्या भिंतींवर काही वर्षे मोठ्या अक्षरांत ‘सर्व शिक्षा अभियान’ असे रंगवलेले असे. योजना दिल्लीची, शब्द हिंदी. पण मराठी पोर तो मराठीतच वाचणार, आणि मराठीत ती सर्वांना दंड करण्याची मोहीम होते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही यावर पुष्कळ हसलो. २०१८ मध्ये ‘समग्र शिक्षा’ आली, तेव्हा पुन्हा हसलो.

माझे हसणे एका दुपारी थांबले. सरकी-कापसाच्या कामावर आलेल्या एका हिंदी भाषक कुटुंबातला मुलगा माझ्या पाचवीच्या वर्गात होता. तीन दिवस त्याचा गृहपाठ झाला नव्हता. मी त्याला व्हरांड्यात कान धरून उभे केले. छडी उचलली नाही, याचे मला समाधानही होते. वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही वर्ज्य केला आहे. पण कायद्यातले आपण सोयीपुरतेच वाचतो. मधल्या सुट्टीत त्याची आई डबा घेऊन आली. तिने मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. रागावली नाही. हात जोडून म्हणाली, “गुरुजी, हमको तो नहीं मिली, इसको शिक्षा मिल जाए, बस.”

मी ‘हो’ म्हणालो. मुलाचे कान अजून त्याच्या हातातच होते.

संस्कृतात ‘शिक्ष्’ हा धातू ‘शक्’पासून, म्हणजे समर्थ होण्याच्या इच्छेपासून, आला असे सांगतात. वेदांगांत शिक्षा म्हणजे उच्चाराचे शास्त्र. पालीत ती ‘सिक्खा’ झाली, भिक्षूंचे अनुशासन झाली. बंगाली, उडिया, असमिया, नेपाळी माणूस शिक्षा म्हणतो तेव्हा त्याला शाळा आठवते. पण कानडीत, तेलुगूत, मल्याळीत आणि आपल्या मराठीत आठवतो तो दंड. हिंदी मुलूख सातपुड्याच्या पलीकडे आहे म्हणावे, तर १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यातच आहे. दोन्ही अर्थ एकाच रस्त्यावर रोज एकमेकांना ओलांडून जातात.

तालीम या शब्दाचेही तसेच. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ आणि २३ तारखांना गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि हाताच्या कामातून शिकवण्याची ती पद्धत पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. अरबी शब्द, त्याच्या मुळाशी ‘इल्म’, म्हणजे ज्ञान. मराठी कानाला मात्र तालीम म्हटले की तांबडी माती आणि शड्डू. ज्ञानाचे दोन शब्द आपल्या भाषेने घेतले. एकातून तुरुंगाची वाट काढली, दुसऱ्यातून आखाड्याची. (आखाडा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. तिथे निदान वस्तादही अंगाला माती लावून घेतो.)

पण मराठीला दोष देऊन मी सुटणार नाही. ‘शास्’ धातूत शिकवणे आणि दंडणे दोन्ही होते; शास्त्र, शासन, शिष्य ही त्याचीच लेकरे. आपण ‘धडा शिकवीन’ म्हणतो तशी हिंदीतही ‘सबक सिखाने’ची धमकी आहेच. जिथे शिक्षा म्हणजे विद्या, तिथल्या शाळांत छडी नव्हती असे थोडेच आहे! शब्द निर्मळ राहिला म्हणून हात निर्मळ राहतो असे नाही. उलट वाटते की मराठीने निदान खरे सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या पोरांना गुरुजींकडून जे मिळत गेले, त्यालाच तिने ते नाव दिले. हा विचार मी त्या बाईला मात्र समजावून सांगू शकलो नसतो. तिने जे मागितले ते मी दिले नव्हते. आणि जे दिले त्यालाही तोच शब्द होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसून मी वही उघडली. तिन्ही दिवसांचे प्रश्न सुरेख अक्षरात उतरवलेले होते. खाली जागा कोरी. वर फळ्यावरून घेतलेली सूचना होती : थोडक्यात उत्तरे लिहा. ‘थोडक्यात’वर बोट ठेवून त्याने विचारले, “गुरुजी, ये क्या होता है?”