फुलोऱ्यात पंप कुणी काढला?

बसा सगळे. आणि माझं बोलून होईपर्यंत एकानंही तोंड उघडायचं नाही.

बियाण्यासाठी धरलेल्या कांद्याचे निम्मे गोंडे पोकळ निघाले म्हणून तुम्ही हवामानाच्या नावानं खडे फोडताय. ढगाळ दिवसांनी थोडं नुकसान केलं असेल, ते मी मान्य करतो. पण शिवारात गोंडे पांढरे फुलले होते तेव्हा भर सकाळी पाठीवर पंप कुणाच्या होता? मान खाली घालू नका. वर बघा.

नववीत मी तुम्हाला परागीभवन शिकवलं होतं. परीक्षेत मार्क मिळवलेत आणि विसरलात. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात. पराग झडून जातो, आणि त्यानंतर स्त्रीकेसर तयार होतो. म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग उपयोगाचा नाही. तो दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो. पराग चिकट असतो, वाऱ्यावर फारसा वाहत नाही. एका गोंड्यात शेकडो फुलं, तीही एका दिवसात फुलत नाहीत, आठवडेच्या आठवडे उमलत राहतात. एवढे दिवस रोज हे काम कोण करतं? मधमाशी. आणि तुम्ही तिच्या अंगावर औषध मारलंत.

फुलकिडे आले होते, हे मला सांगू नका. फुलकिड्यांचा बंदोबस्त दांडे निघताना, कळ्या बंद असताना करायचा असतो. तुम्ही वाट बघत बसलात आणि मग दुकानदारानं सांगितलं म्हणून तीन औषधं एकाच टाकीत ओतलीत. काही बुरशीनाशकं कीटकनाशकात मिसळली की मधमाशीसाठी विष आणखी जहाल होतं, हे एकानं तरी विचारलं का? इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत. युरोपीय संघानं 2018 मध्ये ही दोन्ही आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, ती मधमाश्यांसाठीच. ही औषधं थेट मज्जासंस्थेवर जातात. मात्रा कमी असली आणि माशी जागेवर मेली नाही, तरी तिला घरची वाट सापडत नाही. ती फुलावर जाते आणि परत येत नाही. म्हणून तुम्हाला बांधावर मेलेल्या माश्यांचा सडा दिसला नाही, आणि तुम्ही समजलात की काही बिघडलं नाही.

आता गुळाचं पाणी शिंपडून माश्या बोलावताय. ज्या जिवंत आहेत त्या येतील. मेलेल्या कुठून येणार?

आणि ओढ्याकाठच्या उंबरावरचं आग्या मोहोळ. रात्री टेंभा लावून ते जाळलंत, बादलीभर मधासाठी. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. सातेरी माशी पेटीत राहते, मेलिफेरा माशी पेटीत राहते, त्यांच्या पेट्या पैसे मोजून आणता येतात. आग्या पेटीत राहत नाही. ती उंच फांदीवर उघडं, एकच पोळं बांधते, हंगाम सरला की उठून जाते आणि पुष्कळदा पुन्हा त्याच झाडावर परतते. ती तुमच्याकडे एक पैसा न मागता येत होती. पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगत साठतो. अंडी आणि पिल्लं खाली असतात. संरक्षक पोशाख घालून तेवढा मधाचा भाग कापला आणि खालचं पोळं राखलं, तर वसाहत जगते. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं मध काढणाऱ्या आदिवासींना हेच शिकवलं आणि त्यांनी ते करून दाखवलं. तुमच्या हातात मोबाइल आहे, शिक्षण आहे, आणि तुम्ही टेंभा घेतलात.

महाबळेश्वरजवळचं मांघर बघून या. 2022 मध्ये ते देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या बहुतेक घरांची मिळकत मधपेट्यांशी जोडलेली आहे, म्हणून तिथे जंगलातल्या फुलाची किंमत लहान पोरालाही कळते. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. प्रशिक्षण मिळतं. तुमच्यातला कोण गेला? कुणीच नाही.

आता ऐका. पहिलं फूल उमललं की पंप घरात ठेवायचा. अगदीच नाइलाज झाला तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर, आणि एकाच औषधानं. पेट्या भाड्यानं आणल्या असतील तर आदल्या दिवशी पेटीवाल्याला फोन करायचा, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही. बांधावरची करंज, शेवगा, बोर ही झाडं तोडायची नाहीत. पुन्हा मोहोळ दिसलं तर आधी माझ्याकडे यायचं.

ज्याला हे जमणार नाही, त्यानं पुढच्या वर्षी कांद्याचं बी धरू नये.