जुन्या नहरीचे देणे

मेलेल्या माणसाचे ऋण फेडायचे कोणाला? सावकाराचे पैसे त्याच्या मुलाला नेऊन देता येतात. पण ज्याने साऱ्या गावाला पाणी पाजले आणि ज्याचे वारस आज कोणी सांगू शकत नाही, त्याचे काय?

मी म्हणतो आहे तो मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. गाव वसवणे सोपे, त्याची तहान भागवणे अवघड. अंबरने उत्तरेच्या डोंगराकडे जमिनीत मुरलेले पाणी भुयारात गोळा केले आणि अगदी बेताच्या उताराने शहरात आणले. मोट नाही, बैल नाही, केवळ उतार. वाटेत उंच बंबे उभारले. त्यांतून हवा निघून जाई आणि पाण्याचा जोर राही. १६२६ साली अंबर वारला, नहर-ए-अंबरी मात्र वाहत राहिली. पुढे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी खापरी नळांतून दुसरी नहर आली. तिच्या धारेवर पाणचक्की फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळी.

मग नळ आले. १९७६ साली जायकवाडी पुरे झाले आणि गोदावरीचे पाणी पंपांनी चढवून शहरात येऊ लागले. आमच्या वाळूजचे कारखानेही त्याच पाण्यावर चालतात. नहर कोणी मुद्दाम मारली नाही. तिच्यावर घरे उठली, जवळ विंधनविहिरी पडल्या, नळ फुटले. गरज संपली की माया आटते, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असते!

मी वाळूजला मास्तरकी करतो. एकदा सहलीत एका मुलीने पाणचक्कीपाशी विचारले, “गुरुजी, ही आता कुणाचं पीठ दळते?” मी म्हणालो, “कुणाचंच नाही, बाळ.” “मग फिरते कशाला?” तिने पुन्हा विचारले.

इंग्लंडातल्या केनेट-ॲव्हन कालव्याला हाच प्रश्न विचारता येईल. १८१० साली तो मालवाहतुकीसाठी पुरा झाला, रेल्वेने त्याचा धंदा नेला, रेल्वे कंपनीनेच तो विकत घेतला आणि तो गाळाने भरला. पुढे सामान्य माणसांनी रविवारच्या सुट्ट्या खर्चून चिखल उपसला. १९९० साली तो पुन्हा खुला झाला. आता त्यातून लोक सहलीला जातात. मला त्या मंडळींचे कौतुक आहे, पण हेवा वाटत नाही. त्यांचा कालवा निरुपयोगी झाल्यावर जपला गेला. आमची नहर निरुपयोगी झाली आहे, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. गेल्या काही वर्षांत शहरातल्या घरांनी नळाची वाट दिवसेंदिवस पाहिलेली आहे.

तेव्हा नुसते बंबे रंगवून तिथे पाटी लावणे मला पुरेसे वाटत नाही. पाणी वाहिले पाहिजे. पण इथे माझीही पंचाईत होते. ज्या गरिबाने पै-पै जोडून नहरीवर खोली बांधली, त्याला कोणत्या तोंडाने उठवायचे? पूर्वजांचे ऋण त्याच्या एकट्याच्या खिशातून फेडून घेणे हा न्याय नव्हे. आधी त्याला घर, मग कुदळ. आणि ज्या विंधनविहिरी मोठमोठ्या इमारतींनी पाडल्या, त्यांची झडती त्याच्याही आधी. हा क्रम उलटा होतो, असा माझा अनुभव आहे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, पाणी आहे तोवर फिरते. तिने धारेखाली हात धरला आणि म्हणाली, “गार आहे, गुरुजी.”