सिनेमातला संशय

भुताची गोष्ट ऐकणं वाईट आहे काय? मला नाही वाटत. आमच्या नागभीडकडं भुताच्या गोष्टी न ऐकता मोठं झालेलं लेकरू सापडणार नाही. खळ्यावर धानाची राखण करायची तर गोष्ट पाहिजेच. दंडारीतही सोंगं यायची. पण लुगडं नेसून राणी झालेला गडी दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत धानाचे भारे बांधायला असे. सोंग ते सोंग अन् माणूस तो माणूस, हे पोट्ट्यांनाही कळत होतं.

सिनेमानं भूत दाखवलं म्हणून मी त्याला दोष देत नाही. माझं दुखणं दुसरंच आहे. सिनेमात संशय बहुतेक खराच ठरतो. २०१३ चा 'एक थी डायन' घ्या. लहान पोराला घरात आलेल्या बाईचा संशय येते. मनाचा डॉक्टर त्याला भ्रम म्हणते. शेवटी खरा कोण ठरतो? पोरगा. बाई डायनच निघते, अन् तिची ताकद तिच्या वेणीत असते. म्हणजे संशय घेणारा शहाणा, पुरावा मागणारा येडा. तिथं रक्त तपासलं तरी रिपोर्टात काही सापडत नाही.

आमच्या गावात सापडते. सिकलसेल आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतला नेहमीचा आजार. लेकराचे हातपाय ठणकतात, ताप येते, पुन्हा पुन्हा येते. हा आजार मायबापाच्या रक्तातून येते, शेजारच्या बुढीच्या नजरेतून नाही. पण त्यासाठी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त द्यावं लागते. बुढीकडं बोट दाखवायला काही लागत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथं भानामतीच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई अन् एक माणूस, दोघांना जाळून मारलं. बातमी मात्र अनेकदा 'जादूटोण्यावरून मारहाण' अशी येते. 'संशय' हा शब्द गळला, की वाचणाऱ्याला वाटते जादूटोणा झालाच असेल.

कोणी म्हणेल, लाखो लोक असे सिनेमे पाहतात, ते काय काठ्या घेऊन निघतात? अन् बायांवर आळ तर सिनेमाच्या आधीपासून येत आहे. दोन्ही खरं आहे. आळाचं मूळ कधी धुऱ्याच्या भांडणात असते, कधी भाऊबंदकीत, कधी मेलेल्या लेकराच्या दुःखात. सिनेमा काठी उचलत नाही. पण काठी उचलणाऱ्याला मनातल्या मनात एक साक्षीदार मिळते. असं असते, आपण पाहिलं आहे, असं तो स्वतःला सांगू शकते.

२०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. करणी करते म्हणून कोणाला छळलं तर ६ महिने ते ७ वर्षं कैद होऊ शकते. पण पोलीस येतात ते बहुतेक मारहाण झाल्यावर. त्याच्या आधीचं काम घरातलं आहे.

म्हणून सिनेमा बंद करा, असं मी म्हणत नाही. पाहा, भ्या, हसा. मात्र टीव्ही बंद केल्यावर लेकराला एवढं सांगा, की त्या बाईला डायन कहाणी लिहिणाऱ्यानं केलं होतं. अन् गावात कोणाचं नाव निघालं, तर आधी हे विचारा, की बाप्पा, ही कहाणी लिहिली कोणी, अन् त्यात त्याचा फायदा काय?