कुठं नेलंय, एवढं तरी

वैरागसारख्या गावात कुणाला पोलिसांनी नेलं ही बातमी लपत नाही. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत पहिला चहा होईपर्यंत ती निम्म्या बाजाराला ठाऊक झालेली असते आणि दुपारपर्यंत तिला दोन-चार फाटेही फुटलेले असतात. कळत नाही ते पुढचं. कोणत्या ठाण्याने नेलं, कोणत्या गुन्ह्यात, अटक दाखवली की नुसतं चौकशीला बसवून ठेवलंय, कोर्टापुढे कधी उभा करणार? गावाला या तपशिलात रस नसतो. घरच्यांना मात्र तेवढंच हवं असतं.

शाळेतल्या लिपिकाच्या नोकरीतून मोकळा झाल्यावर लोकांना अर्ज लिहून देणं हा माझा रिकामपणचा उद्योग झाला. वारसनोंद, रेशनकार्डातलं नाव, पीकविम्याची तक्रार, असले कागद. अशाच एका सकाळी जवळच्या वाडीतला एक शेतकरी दारात उभा राहिला. "भाऊसाहेब, पोराला रातच्याला उचललंय. ठाण्यात इचारलं तर आमच्याकडं न्हाई म्हणत्यात. कुठं नेलंय एवढं तरी काढा, बाकीचं मी बघतो." साध्या कपड्यांतली माणसं आणि बाहेरच्या पासिंगची गाडी, यापलीकडे त्याला काही सांगता येत नव्हतं. इथल्या ठाण्यातला माणूस खोटं बोलत नव्हता. पथक दुसऱ्या जिल्ह्यातलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिकडच्या एका वकिलाचा फोन आला, की पोराला रिमांडसाठी कोर्टात आणलं होतं आणि पोलीस कस्टडी मिळाली आहे. तोवर बापाने बार्शी, सोलापूर, पंढरपूर पालथं घातलं होतं. फोन आल्यावर तो रडला नाही. "हाय म्हणजे," एवढंच म्हणाला आणि चहा मागितला.

त्याच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, आणि ते फार जुनं नाही. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्याच्या संस्थेचे डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. कोठडीत माणसं मरत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, त्यांची दखल घ्यावी अशी विनंती होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, निकाल दिला. त्यातल्या अकरा सूचना वाचताना जाणवतं, की हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दाराशी उभा राहिलेला असाच कुणी बाप असला पाहिजे. अटकेचा कागद तिथल्या तिथे तयार करायचा, त्यावर वेळ आणि तारीख घालायची. घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. नातलगाला कळवायचं, आणि कुणाला कळवलं हेही डायरीत नोंदवायचं. दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करायची. आणि शेवटी, अटकेची माहिती १२ तासांच्या आत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला द्यायची. तिथे ती फलकावर सर्वांना दिसेल अशी लावायची.

हा फलक पुढे १ नोव्हेंबर २०१० पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-क कलमात आला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये. नव्या कलमाने तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून खाली उतरवला. आता प्रत्येक ठाण्यात, सहायक फौजदारापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी यासाठी नेमायचा. अटक झालेल्याचं नाव, पत्ता आणि गुन्ह्याचं स्वरूप त्याने ठळकपणे लावायचं, डिजिटल पद्धतीनेही चालेल. ठाण्यात काही कामाने गेलात तर भिंतीवर जरूर नजर टाका. फलक कुठे आहे हे विचारायला वकील लागत नाही.

ही नोंद मुळात जन्मली ती आत असलेल्या माणसाच्या जिवासाठी. नोव्हेंबर २०१७ मधलं सांगलीचं प्रकरण आपल्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. चोरीच्या संशयावरून धरलेला तरुण कोठडीतून पळाला असं पोलीस ठाण्यातून सांगितलं गेलं. मग मारहाणीत त्याचा जीव गेला आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला, असा गुन्हा तिथल्याच पोलिसांवर दाखल झाला. कागदावरचा माणूस आणि कोठडीतला माणूस एकच आहे ना, हे बाहेरच्या कुणाला तरी तपासता आलं पाहिजे. फलकाचा उपयोग तोच.

आता वैरागच्या माणसाने कुठे कुठे पाहायचं, ते मी अनुभवाने शिकलो. पहिली गोष्ट, सोलापूर शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय वेगळं. वैराग ग्रामीणमध्ये येतं. पण पोरगा शहरातल्या मार्केट यार्डात धरला गेला असेल तर त्याचं नाव ग्रामीणच्या यादीत सापडणारच नाही, आणि घरचे "नाव नाही म्हणजे अटक नाही" असा अर्थ काढून बसतात. राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं निवडून एफआयआर आणि अटक आरोपींची माहिती पाहता येते. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशा नाजूक बाबी सोडून. त्यामुळे एखादा एफआयआर दिसत नाही याला कधी कधी चांगलं कारणही असतं.

दुसरी जागा कोर्ट. अटकेनंतर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, माणूस दंडाधिकाऱ्यापुढे आला पाहिजे. वैरागच्या गुन्ह्याला बार्शीचं कोर्ट. तिथे पोलीस कस्टडी की न्यायालयीन कोठडी ते ठरतं. दुसरी मिळाली की माणूस ठाण्याच्या हातून सुटतो आणि तुरुंगाच्या रजिस्टरात जातो. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर घालून खटला शोधता येतो. तो नंबर हाच सगळ्या कुलपांची किल्ली. म्हणून आलेल्या माणसाला मी आधी विचारतो, "गु.र.नं. काय?" बहुतेकांकडे नसतो.

आणि तिसरी जागा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या आधी लोकांना शांतता राखण्याच्या हमीसाठी "एकशे सात"च्या नोटिसा निघतात. नव्या कायद्यात ते कलम १२६ झालं, पण गावात अजून एकशे सातच म्हणतात. ही चॅप्टर केस कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे तहसीलला चालते. ती ई-कोर्टवर शोधून सापडत नाही. तिथे जामीनदार आणि जातमुचलका, एवढ्यावर काम भागतं. पण गावात बोलताना तीही "केस"च.

कुठेच पत्ता लागला नाही तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ मध्ये एक तरतूद आहे: माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि अर्जाच्या डोक्यावरच हे कलम ठळक लिहायचं. त्याहून पुढचा रस्ता उच्च न्यायालयाचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सोलापूरकरांना त्यासाठी मुंबईच गाठावी लागते असं उरलं नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटकेची कारणं लेखी द्यायची, तीही त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत, आणि उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी. आमच्याकडच्या माणसाला म्हणजे मराठीत.

हे सगळं सांगून झाल्यावर मला एक अवघड गोष्ट कबूल करावी लागते. माझ्याकडे या नोंदी शोधायला जे येतात, त्यांतले थोडेच पोरगं हरवलेले बाप असतात. बाकीचे मुलीचे बाप असतात.

"भाऊसाहेब, पाहुणे बरे वाटतायत, पण पोराचं नाव टाकून बघा की एकदा कोर्टाच्या त्या साईटवर." मी नाव टाकतो. आमच्या भागात एकाच आडनावाची अर्धी वाडी, आणि नावंही ठरलेली, त्यामुळे एका नावाला पाच-सहा माणसं निघतात. बापाचं नाव जुळलं तरी आजोबाचं जुळेल असं नाही. गाव कुठे लिहिलेलं असतं, कुठे नसतं. एकदा नाव जुळलं, गावही जुळलं, खटला मारामारीचा. समोर "निकाली" एवढंच. मुलीचा बाप उठलाच. मी म्हणालो, "थांबा, निकाल काय लागला ते बघू." निकालाची प्रत उघडली, पंधरा-सोळा आरोपी, बांधाच्या भांडणात सगळ्या भावकीची नावं घातलेली, आणि सगळे निर्दोष. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की लग्न मोडलं. खटल्याची ओळ वाचायला त्यांना चष्मा लागला नव्हता. निकालाची सहा पानं वाचायला ते बसले नाहीत.

इथे तो फलकही अपुरा पडतो. अटक झाली, त्याची नोंद लावायची असं कायदा सांगतो. सुटका झाली, गुन्हा शाबीत झाला नाही, हे त्याच ठिकाणी लावायचं कलम मला सापडलं नाही. आणि सुटका न झालेल्यांचंही काही ठरलेलं नसतं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे निकाल लागायचा होता. दर चारांतल्या तिघांबद्दल गाव जे बोलतं, ते अजून कोणत्याही न्यायाधीशाने म्हटलेलं नाही.

अमेरिकेत अटकेच्या नोंदींचा बाजार किती पुढे गेला ते पाहिलं की आपलं बरं वाटतं, आणि भीतीही वाटते. तिथल्या अनेक काउंट्यांचे शेरीफ तुरुंगात आणलेल्या माणसाचा फोटो, आरोप, जामिनाची रक्कम रोजच्या रोज लोकांपुढे ठेवतात. गुप्तपणे कुणाला डांबता येऊ नये, हा विचार चांगलाच. पण मग काही कंपन्यांनी ते फोटो उचलून आपल्या संकेतस्थळांवर टाकले आणि काढायचे तर पैसे द्या म्हणाल्या. जॉर्जिया राज्याला २०१३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, नंतर इतर राज्यांनाही. ब्रिटनमध्ये उलट: २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आरोप ठेवला जाईपर्यंत तपासाखालच्या माणसाला आपलं नाव खासगी राहील अशी अपेक्षा ठेवता येते. मला दोन्ही टोकं आपल्याला मानवणारी वाटत नाहीत. ब्रिटनसारखं नाव झाकलं तर वाडीतल्या त्या बापाने शोधायचं कुठे?

नोंदीची दहशत सोलापूरला नवी नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवलं होतं. त्या वसाहतीत नाव रजिस्टरात येण्यासाठी गुन्हा करावा लागत नसे, जन्माला येणं पुरे होतं. मग आयुष्यभर हजेरी. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. सेटलमेंट फ्री कॉलनी आजही सोलापुरात आहे, आणि कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी जाण्याची सवयही पुरती गेली असं मला म्हणवत नाही.

त्याच सोलापुरात तुरुंगाचा कागद मिरवण्याचाही होता. १९३० मध्ये इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉनंतर आत गेलेल्यांची पुढे कौतुकं झाली. १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली तेव्हा किमान सहा महिन्यांच्या कैदेचा दाखला मागितला गेला, आणि लोक तुरुंगांकडे जुन्या रजिस्टरांतली आपली ओळ शोधून द्या म्हणून अर्ज करू लागले. रजिस्टर सापडलं नाही तर सोबतच्या कैद्याचं प्रमाणपत्र आणायचं. २०१८ मध्ये राज्याने आणीबाणीत आत असलेल्यांना मानधन जाहीर केलं, महिन्याहून जास्त असेल तर दहा हजार, कमी असेल तर पाच. पुन्हा तुरुंगाच्या नोंदींची शोधाशोध. नोंद तीच असते: नाव, बापाचं नाव, गाव, आत आल्याची तारीख, सुटल्याची तारीख. कौतुक की कलंक, हे बाहेरची माणसं ठरवतात, आणि काळ बदलला की निर्णयही बदलतात.

पोलीस स्वतः नोंदी किती काळ जपून ठेवतात, तेही सांगितलं पाहिजे. २०२२ च्या ओळख कायद्याने अटक झालेल्याच्या बोटांचे ठसे, फोटो आणि इतर मोजमापं ७५ वर्षं ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलं संपली, की ती नष्ट करायची असंही त्याच कायद्यात आहे, दंडाधिकाऱ्याने वेगळं लिहिलं नसेल तर. हे नष्ट करा म्हणून अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. लोकांना वाटतं, सुटलो म्हणजे संपलं.

त्या शेतकऱ्याचा पोरगा पुढे सुटला. आता तो पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे मैदानावर पळताना दिसतो. चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरताना ती जुनी केस लिहायची का, हे विचारायला बाप-लेक दोघं आले. लिहायचीच, मी म्हणालो. लपवलं तर त्याच कारणाने नाव उडतं. मग बार्शीच्या कोर्टात नव्हे, जिथे खटला चालला तिथे जाऊन निकालाची नक्कल मागायचा अर्ज लिहून दिला. दोन नकला घ्या म्हटलं, एक घरी ठेवा. परवा पोरगा नक्कल दाखवायला आला, तर ती लॅमिनेट करून आणलेली. शिक्क्यावरचा फुगवटा पार दबून गेला होता. दुसरी तरी तशीच ठेव, म्हणून सांगितलं.