रागाला पाच गुण

फेसबुकने २०१६ साली ‘लाइक’च्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग दाखवणारी चिन्हे दिली. कोणाच्या फीडमध्ये काय वर यावे हे ठरवणाऱ्या गणितात पुढच्याच वर्षी अशा प्रत्येक चिन्हाला लाइकच्या पाचपट वजन मिळाले. चिन्ह निवडणारा माणूस जास्त गुंतलेला असतो, एवढाच त्यामागचा हिशेब. रागाचे चिन्ह मिळवणाऱ्या मजकुरात खोटी माहिती आणि विखार अधिक असतो, हे कंपनीच्याच विश्लेषकांनी २०१९ मध्ये नोंदवले. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ साली बाहेर आणलेल्या कागदपत्रांतून ते जगाला कळले. रागाच्या चिन्हाचे हे वजन टप्प्याटप्प्याने उतरत शून्यावर यायला मात्र सप्टेंबर २०२० उजाडला. मधल्या काळातले हे कर्म कोणाच्या खाती मांडायचे? कायदा याचे उत्तर आपल्या परीने शोधील. कर्तेपणाचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे.

पहिला बचाव हेतूचा. लोकांना चिडवायचे असे कोणी ठरवले नव्हते, आणि हे खरेच असावे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी कर्माची नैतिक किंमत बाह्य परिणामावरून न करता कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, असे आग्रहाने मांडले आहे. मग हेतू शुद्ध असलेला प्रॉडक्टप्रमुख निर्दोष ठरत नाही काय? ठरत नाही. टिळकांना अभिप्रेत असलेली बुद्धी म्हणजे निव्वळ सदिच्छा नव्हे. सर्वांभूती सम असलेली, लोकसंग्रहाकडे पाहणारी बुद्धी ती. आणि परिणाम, हानी, हिंसा व आपला आवाका न तपासता मोहाने आरंभलेल्या कर्माला गीतेचा अठरावा अध्याय तामस म्हणतो. फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि परिणामांकडे पाठ फिरवणे वेगळे. (व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत दुसरा अध्याय हटकून येतो, अठरावा क्वचित.) गंमत अशी की इथे नेमके उलटे घडले: वापराच्या आकड्याची आसक्ती पुरेपूर, परिणामांबद्दल मात्र वैराग्य.

दुसरा बचाव अधिक चिवट आहे. हजारो अभियंते, शेकडो प्रयोग, स्वतःच शिकणारे गणित. यात कर्ता कोण? याला गीतेचाच आधार काढता येईल. कर्माची पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला तीच अज्ञानी ठरवते. पण हे वचन अहंकार उतरवण्यासाठी आहे, जबाबदारी उतरवण्यासाठी नाही. पाचांपैकी एक कारण कर्ता हेच आहे आणि ते यादीतून गळत नाही. प्रयोगात कोणता पर्याय जिंकला हे गणित सांगते. जिंकणे कशाला म्हणायचे, हे त्याआधी माणसाने ठरवलेले असते. काय मोजायचे आणि कशाला किती वजन द्यायचे, हाच तर प्रॉडक्ट नेतृत्वाचा गाभा आहे. बाकीचे बरेचसे वेळापत्रक असते.

उरतो ग्राहकाच्या निवडीचा मुद्दा: चिन्ह लोकांनीच दाबले. दाबले खरे. पण संतापलेल्या माणसाने निषेध नोंदवला, तो गणिताने मागणी म्हणून वाचला. हा अर्थ वापरणाऱ्याने दिला नव्हता, वजन ठरवणाऱ्यांनी दिला होता. अब्जावधी लोकांवर काय परिणाम होईल हे आधी कोणालाच कळत नाही, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा, आणि म्हणून २०१७ चा निर्णय अजाणतेपणाचा मानता येईल. २०१९ नंतरचा विलंब तसा मानता येत नाही, कारण तेव्हा जाण होती आणि बदलण्याचा अधिकारही होता. रागाचे वजन शून्य केल्यावर लोकांना खोटा आणि हिंसक मजकूर कमी दिसू लागला. त्यांचा फेसबुकवरचा वावर मात्र घटला नाही, असे कंपनीच्याच कागदांत नोंदलेले आहे.