जुने आपल्याला, चांगले दुसऱ्याला

जुने वस्त्र ठिगळ लावून वापरणारा, मोडकी वस्तू सांधून घेणारा गृहस्थ अपरिग्रही म्हणावा की कृपण? प्रश्न लहान दिसतो; पण तो घरोघरी रोज उभा राहतो.

जबलपूर जिल्ह्यातील कुंडम येथे आम्ही काही वर्षे राहत होतो. त्या भागात गोंड बांधवांची वस्ती मोठी आहे. एका हिवाळ्यात सरपण आणून देणाऱ्या म्हाताऱ्यास मी घरातील विरलेली घोंगडी दिली आणि मनात संतोष मानला. रात्री मातोश्रींनी विचारले, "ती तू स्वतः पांघरली असतीस का?" मी निरुत्तर झालो. त्याच आठवड्यात मी नवी रजई घेतली होती. जुने मला नकोसे झाले होते, आणि त्या टाकण्यास मी दान हे नाव दिले होते.

कठोपनिषदातील नचिकेत्याची व्यथा हीच आहे. पित्याने यज्ञात दिलेल्या गाईंचे चारापाणी आणि दूध सारे सरलेले होते. ते पाहून त्या बालकाचे मन अस्वस्थ झाले.

कोणी म्हणेल, जीर्ण वस्त्र टाकावे असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच सांगितले आहे. पण तो दृष्टान्त देह आणि आत्म्याचा आहे. शिवाय तेथे वस्त्र जीर्ण झालेले आहे. आपण मात्र कंटाळा आला की टाकतो. वस्तू जीर्ण झालेली नसते, मन चंचल झालेले असते. आपल्या आज्या विरलेल्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत, त्यात वस्तूविषयी कृतज्ञता होती.

मग काटकसर आणि कृपणता यांतील भेद कोणता? गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) चरित्र त्याचे उत्तर देते. अंगावर चिंध्या, जवळ खापराचे गाडगे, एका कानात कवडी व दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. लोकांनी टाकलेलेच त्यांचे अलंकार. परंतु लोकांनी दिलेल्या द्रव्यातून त्यांनी नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. कृपण जुने वापरतो आणि उरलेले साठवितो. अपरिग्रही जुने वापरतो आणि उरलेले देतो.

जुन्या बाजारात घासाघीस करतानाही हा विवेक हवा. विकणाऱ्याच्या अडचणीचा लाभ घेऊन स्वस्त मिळविलेले ताट काटकसरीचे नव्हे, लोभाचे होय. आणि जुनी वस्तू कोणास द्यावयाचीच असेल, तर ती धुऊन, शिवून, धड करून, घेणाऱ्याचा मान राखून द्यावी.

दुसऱ्या दिवशी मी रजई त्या म्हाताऱ्याच्या घरी नेऊन दिली व घोंगडी परत मागून घेतली. तिला ठिगळे लावून पुढे कित्येक हिवाळे मी ती पांघरली. ऊब कमी पडली असे कधी वाटले नाही.

वाचकहो, आज आपली पेटी उघडावी आणि प्रत्येक वस्तूस एकच प्रश्न विचारावा: ही मी वापरीन का? वापरणार असाल तर जपा. नसाल तर धड आहे तोवरच द्या. एवढा नियम पाळला तरी घर हलके होईल आणि चित्तही.